गावच्या पोलिसांसाठी निधी : अर्ज कुणी, कुठे करायचा?

प्रश्न : आमचं ग्रामस्थ मंडळ लालबागला, गाव रत्नागिरी जिल्ह्यात. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर निम्म्या घरांना कुलूप असतं आणि घरफोड्या वाढल्यात. आठ सीसीटीव्ही कॅमेरे आणि गस्तीसाठी एक गाडी मिळावी म्हणून मंडळाने मंत्रालयात अर्ज द्यावा का?

उत्तर : देऊ नका. तो फिरून जिल्ह्यालाच येईल. हा पैसा जिल्हा वार्षिक योजनेतून मिळू शकतो. ती जिल्हा नियोजन समिती मंजूर करते. पालकमंत्री समितीचे अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. पण समितीपुढे प्रस्ताव मंडळाचा जात नाही, तो पोलीस अधीक्षकांचा जावा लागतो. म्हणून आधी ग्रामसभेचा ठराव करा, तो पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे द्या, त्यांचा अहवाल जोडून अधीक्षक कार्यालय, तिथून जिल्हा नियोजन अधिकारी. ग्रामसभेचा कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतलं जे कमी असेल ते. ज्यांचं नाव मुंबईच्या मतदार यादीत आहे ते यात मोजले जात नाहीत, कितीही गाड्या भरून गेलात तरी.

वेळेचं भान ठेवा. पुढच्या वर्षाचा आराखडा साधारण जानेवारीच्या सुमारास ठरतो, त्यामुळे कागद सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच अधीक्षकांकडे पोचलेले बरे. फेब्रुवारीत पाठपुरावा सुरू करणारे मार्चएंडच्या गर्दीत सापडतात.

प्रस्ताव बहुधा अडकतो तो मोघम अंदाजपत्रकावर. ‘गावात सीसीटीव्ही बसवणे’ एवढ्यावर प्रशासकीय मान्यता मिळणं कठीण. आठही जागा नकाशावर दाखवा, खांब कुणाचा ते लिहा आणि महावितरण किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाचं ना-हरकत पत्र जोडा. साठवणुकीचा हिशोबही द्या : ४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा डेटा-प्रवाह सेकंदाला २ मेगाबिट धरला तर दिवसाला सुमारे २१.६ जीबी होतात. आठ कॅमेऱ्यांचे ३० दिवस म्हणजे जवळपास ५.२ टीबी, तेव्हा ६ टीबीची हार्ड डिस्क मागा. कोकणात मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, म्हणून अर्थिंग, सर्ज प्रोटेक्टर आणि यूपीएस अंदाजपत्रकातच धरा. मागाहून त्यासाठी पैसे मिळत नाहीत, आणि पहिल्याच वळवात रेकॉर्डर जळतो. रात्री हेडलाइटच्या झोतात साधा कॅमेरा गाडीचा नंबर टिपत नाही. वेशीवर त्यासाठी वेगळा कॅमेरा वेगळ्या कोनात लागतो.

वीजबिल, इंटरनेट आणि देखभाल कोण भरणार हे ठरावातच लिहा. बंद पडलेल्या यंत्रणांमागे चोरांपेक्षा न भरलेलं बिल जास्त वेळा असतं. मंडळाला मदत करायची असेल तर इथेच करा : रक्कम ग्रामपंचायतीच्या खात्यात जमा करा, पावती घ्या. पोलिसांच्या हाती रोख देऊ नका.

गाडीचा हट्ट सोडा. नियोजन समितीतून गाड्या मिळतात खऱ्या, पण त्या अधीक्षकांच्या ताब्यात जातात आणि कुठल्या ठाण्याला द्यायच्या ते तेच ठरवतात. त्यावर गावाचं नाव लिहून येत नाही.

प्रश्न : निधी मिळवून एखादा जादा शिपाई मागता येईल का?

उत्तर : नाही. शिपाई पदनिर्मितीतून मिळतो, अनुदानातून नाही. त्याआधी गावात पोलीस पाटलाचं पद रिकामं आहे का ते पाहा. ती नेमणूक १९६७च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली होते, अर्ज प्रांत कार्यालयात. २०२४ मध्ये मानधन वाढवून १५,००० रुपये केलंय, त्यामुळे आता उमेदवार मिळायला हरकत नसावी.

प्रश्न : तालुका कोर्टात सरकारी वकील अपुरे आहेत. मंडळाने वर्गणी काढून वकील द्यावा का?

उत्तर : सरकारी वकिलाच्या जागी नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता, म्हणजे तिथला सरकारी वकील, असतो. तो शासनाने नेमायचा. एखाद्या खटल्यासाठी तो उपलब्धच नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९(३) प्रमाणे जिल्हादंडाधिकारी शासनाला १४ दिवसांची नोटीस देऊन दुसऱ्या व्यक्तीला नेमू शकतात. तशी लेखी मागणी फिर्यादीने करावी. फिर्यादीला स्वतःचा वकीलही देता येतो, पण तो सरकारी वकिलाच्या सूचनेनुसारच काम करतो. पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीने तो लेखी युक्तिवाद देऊ शकतो (कलम ३३८). वर्गणी काढायचीच तर एवढ्यासाठी काढा.

चोर कॅमेऱ्यात दिसूनही फुटेज कोर्टात टिकत नाही, असंही होतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र सोबत लागतं. त्याचा भाग ‘अ’ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) त्यात लिहायची. रेकॉर्डर ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीचा ग्रामसेवक) ताब्यात की ठाण्याच्या, हे पहिल्याच ठरावात नमूद करा, म्हणजे सही कुणाची यावरून पुढे वाद होणार नाही.