घरच्या बिअरवर पांढरी बेटं तरंगतायत, खराब झाली का? ओतून देऊ का?

थांबा, बादली मोरीत ओतू नका. तुम्ही लिहिलंय की रत्नागिरीत घरी पहिल्यांदाच बिअर लावलीय, २० लिटरची प्लॅस्टिकची बादली, आज नववा दिवस, फेस खाली बसलाय आणि वर पांढरट मळकट बेटं तरंगतायत, कडेला तपकिरी चिकट थर आहे, एअरलॉकचं (झाकणावरची, गॅस बाहेर सोडणारी पाण्याची नळी) बुडबुडणं बंद पडलंय आणि झाकण उघडलं की सडक्या अंड्यासारखा हलका वास येतोय. यातल्या एकाही गोष्टीवरून इन्फेक्शन झालंय असं म्हणता येत नाही. मी वेंगुर्ल्याचा, गोव्यात एका मायक्रोब्रुअरीत पाच वर्षं काम केलंय, नवीन माणसं घाबरून चांगली बिअर ओतून देतात ते ऐकलं की जीव हळहळतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

यीस्ट जोरात कामाला लागलं की दिसायला सगळं घाणच दिसतं. पहिल्या एक-दोन दिवसांत वर फेस धरतो, ब्रुअर लोक त्याला क्रॉयझेन म्हणतात, तो आधी पांढरा असतो मग हॉप्सची (बिअरला कडूपणा देणारी फुलं) राळ, प्रथिनं, यीस्ट असं सगळं त्याच्याबरोबर वर येतं आणि त्यावर तपकिरी, हिरवट डाग पडतात. आंबोळीचं पीठ रात्री फुगून वर येतं आणि सकाळी टोपाच्या कडेला सुकून बसतं ना, तुमच्या बादलीच्या कडेचा थर तसाच आहे, तो खरवडून परत आत पाडू नका एवढंच. आणि ती बेटं म्हणजे यीस्टचे पुंजके, आत गॅस अडकलेला असतो म्हणून खाली बसत नाहीत, बादलीला हलका धक्का दिलात तर फुटतील, निम्मी बुडतील. अंड्याचा वास गंधकाचा, तो यीस्टच सोडतं, बरेचदा आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप उडून जातो.

मग खराब झालेली बिअर दिसते कशी? घरात खारातल्या कैऱ्यांची बरणी असेल तर आठवून बघा. मीठ कमी पडलं की पाण्यावर पांढरी कोरडी साय धरते, सुरकुतलेली, चमच्याने ढकलली की कापडासारखी सरकते आणि तिला घडी पडते. बिअरवर येते ती जवळजवळ तीच साय, तिला पेलिकल म्हणतात. त्यात बुडबुडे असतात पण फेसासारखे ओले चकचकीत नसतात, मोठे, मंद, वर पीठ भुरभुरल्यासारखे, आणि दोन बुडबुड्यांच्या मध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे ताणलेले. एकदा डोळ्यांनी बघितलं की परत कधी गफलत होत नाही. वेळही बघा, ही साय यीस्टचा दंगा संपून वरचा भाग शांत झाल्यावर, हवा लागल्यावर धरते, बहुतेक वेळा दोन-तीन आठवडे उलटून गेल्यावर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काही विचित्र दिसलं तर तो बहुधा फेसच असतो. आणि झाकण उघडून उघडून बघाल तर तीच हवा आत जाईल, म्हणून तेवढं बंद करा.

साय धरली म्हणजे विष झालं असंही समजू नका. ती धरणाऱ्यांमध्ये ब्रेटॅनोमायसिस नावाचं एक जंगली यीस्ट असतं, १९०४ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग लॅबमधल्या क्लॉसन यांनी ते इंग्लिश बिअरमधलं म्हणून ओळखलं, नावाचा अर्थच ब्रिटिश बुरशी असा आहे. ब्रुसेल्सकडच्या लँबिक नावाच्या आंबट बिअरच्या पिंपात तर हीच साय हवी असते. तुमच्या बादलीत आली तर तुम्हाला हवी होती ती चव मिळणार नाही, बाकी काही नाही. बिअरचा पीएच चार-साडेचारच्या आसपास असतो, म्हणजे ती आम्लधर्मी, त्यात अल्कोहोल आणि हॉप्स, माणसाला आजारी पाडणारे जंतू त्यात सहसा तग धरत नाहीत, त्यामुळे चमचाभर चाखून बघायला हरकत नाही.

अपवाद एकच, बुरशी. पावसाळ्यात चपलांवर, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर जो बुरा येतो तसे केसाळ, कोरडे, हिरवे-निळे-काळे ठिपके वर दिसले तर चाखू नका, वरचं काढून खालचं ठेवूही नका, सगळी बादली ओता.

नाक आणि जीभ डोळ्यापेक्षा जास्त सांगते. हिरव्या सफरचंदासारखा वास आला तर बिअर अजून कच्ची आहे, थांबायचं. माडी सकाळी गोड असते, दुपारपर्यंत फसफसते आणि तशीच ठेवली तर दात आंबतात, हे तुम्हाला सांगायला नको. तसा नाकात चढणारा व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटोबॅक्टर नावाचा जंतू घुसलाय, त्याला हवा लागते आणि २५ ते ३० डिग्री तापमान मानवतं, म्हणजे आपल्या घरातलंच. आणि ग्लासात ओतताना भेंडीसारखी तार सुटली तर तो पेडिओकॉकस नावाचा जंतू, त्याच्याबरोबर बरेचदा लोण्यासारखा वास असतो. नुसता लोण्याचा वास मात्र यीस्टचाही असू शकतो, तो काही दिवसांत जातो.

आता माझ्या हातून झालेलं सांगतो. मायक्रोब्रुअरीत आम्ही २० लिटरच्या छोट्या बॅच लावायचो नवीन रेसिपी बघायला, एका बादलीच्या लागोपाठ तीन बॅच आंबट झाल्या. ती बादली धुवायचं काम माझं होतं आणि मी ती नीट धुवत होतो, बादलीच्या तळाच्या नळातून गरम पाणी सोडत होतो, सॅनिटायझर फिरवत होतो. चौथ्या वेळी पाना घेऊन नळच खोलला तर वॉशरच्या मागे तांबूस बुळबुळीत थर, बोटाला लागला तर चिकट आणि ओल्या फडक्यासारखा कुबट वास. साठ लिटर बिअर त्या बोटभर घाणीने गेली. घाण बसलेली असेल तर सॅनिटायझर तिच्या खालपर्यंत पोचतच नाही. बादली आतून काथ्याने किंवा तारेच्या घासणीने घासू नका तेही यासाठीच, प्लॅस्टिकला चरे पडले की तिथेही हेच होतं.

पण कोकणात बिअर बिघडते ती जंतूंपेक्षा गरमीने जास्त. नेहमीच्या एल (बिअरचा एक प्रकार) यीस्टला १८ ते २० डिग्री लागतात, आपली खोली ३० ची, आणि यीस्ट स्वतःची उष्णता काढतं त्यामुळे बादलीच्या आत आणखी तीन-चार डिग्री जास्त. मग थिनरसारखा वास येतो, डोकं धरतं, आणि लोक त्याला इन्फेक्शन म्हणतात. ओलं फडकं गुंडाळा असं व्हिडिओत सांगतात, देशावरच्या कोरड्या हवेत ते चालतं, इथल्या दमट हवेत फडकं वाळतच नाही मग थंड कुठून होणार. त्यापेक्षा बादली पाण्याच्या टबात ठेवून बर्फ केलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ बदलत राहायच्या, नाहीतर नॉर्वेचं क्वाइक यीस्ट घ्यायचं, त्याला ३० ते ४० डिग्री चालतात. अर्थात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, माहीत नसेल तर पुढची बादली लावायच्या आधी नीट विचार करा.

या बादलीचं म्हणाल तर एअरलॉकवर जाऊ नका, झाकण जरा सैल असलं तरी तो गप्प बसतो. हायड्रोमीटर घ्या, म्हणजे बिअरची घनता, पर्यायाने तिच्यात किती साखर उरलीय ते दाखवणारी तरंगती काचेची नळी, बादलीच्या नळातून थोडी बिअर काढून अकराव्या आणि चौदाव्या दिवशी रीडिंग घ्या. सुरुवातीला १.०४८ च्या आसपास असेल तर १.०१० ते १.०१२ ला येऊन थांबेल, दोन्ही रीडिंग सारखी आली की काम झालं. बहुतेक हायड्रोमीटर २० डिग्रीसाठी बनवलेले असतात, ३० डिग्रीच्या बिअरमध्ये तो शेवटच्या आकड्यात दोन-तीनने कमी दाखवतो, तेवढे मिळवा. काढलेलं परत बादलीत टाकू नका, चाखा. आणि आकडा खाली खाली जातच राहिला, १.००४, १.००२ असा, तर वरून कितीही स्वच्छ दिसली तरी काचेच्या बाटल्यांत भरू नका, आत काहीतरी अजून साखर खातंय आणि बाटल्या फुटून काचा उडतात. आकडा थांबला असेल तर खुशाल भरा, आणि त्याच दिवशी नळ काढून वॉशरसकट आतून बघा.