तीन-चार दिवसांत डोंगर आणि समुद्रकिनारा: स्वतः गाडी चालवायची असेल तर आखणी कशी करावी?

सर्वांत आधी किलोमीटर मोजणे सोडून तास मोजावेत. वळणावळणाच्या घाटात ताशी 30 किलोमीटरची सरासरी मिळाली तरी पुष्कळ झाले. त्यामुळे दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक चालवण्याचा बेत मी तरी कधीच आखणार नाही, कारण थांबून पाहण्यासाठीच आपण निघालेलो असतो.

डोंगर आधी आणि किनारा नंतर ठेवावा. अवघड रस्ता ताज्या मनाने आणि दिवसाच्या उजेडात पार पडतो. उतरणीला मात्र मनापासून काळजी घ्यावी: ज्या गिअरमध्ये चढण चढली असती, साधारण त्याच गिअरमध्ये गाडी उतरवावी, म्हणजे इंजिनच वेग आवरते, ब्रेकवर सतत पाय ठेवल्यास ते तापतात, चाकांजवळून करपल्यासारखा वास येऊ लागतो आणि नेमक्या तीव्र वळणावर पकड कमी पडते. असा वास आलाच तर सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी आणि ब्रेक आपोआप निवू द्यावेत, त्यांवर पाणी ओतू नये.

किनारी रस्त्यावर दिशा अशी निवडावी की समुद्र आपल्याच बाजूला राहील. डावीकडून वाहतूक चालते तिथे तो डाव्या हाताला असला, तर समोरची वाहने न ओलांडता हवे तिथे थांबता येते. भरतीची वेळ दररोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा ती रोज पाहावी. गाडी ओल्या वाळूत मुळीच उतरवू नये.