कॅम बदलला की पेट्रोल का वाढतं?

प्रश्न : माझी १३०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक रोज ठाणे ते बीकेसी धावते. २७२ अंशांचा, कंपनीचा नसलेला कॅमशाफ्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) टाकला तर पिकअप आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही वाढेल, असं गॅरेजवाले म्हणतात. टाकू का?

उत्तर : नका टाकू. पिकअप वाढेल, पण साधारण ४००० आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाला फेरे) वर. सायनच्या गर्दीत तुमचं इंजिन ८०० ते २५०० मध्येच फिरतं, आणि हा कॅम नेमका तिथे पेट्रोल खातो.

२७२ अंश म्हणजे क्रँक (पिस्टनला जोडलेला फिरता दांडा) तेवढा फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा. इनटेक (हवा आत घेणारा व्हॉल्व्ह) उशिरा बंद होतो, तोवर पिस्टन वर निघालेला असतो आणि आत आलेली हवा परत मॅनिफोल्डमध्ये (हवा आत आणणाऱ्या नळ्यांमध्ये) ढकलतो, कॉम्प्रेशन उतरतं. शिवाय इनटेक आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह) एकत्र उघडे राहण्याचा काळ वाढतो, त्यामुळे कमी आरपीएमला जळका धूर ताज्या मिश्रणात मिसळतो. ज्वलन अडखळतं, न जळलेला ऑक्सिजन सायलेन्सरकडे जातो. ऑक्सिजन सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणखी सोडतो! त्यात स्लो (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) १००० च्या आसपास ठेवावा लागतो, म्हणजे प्रत्येक सिग्नलला खर्च.

पिकअपच हवा असेल तर आधी टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची फट), प्लग, एअर फिल्टर आणि क्लच तपासा. जुन्या गाडीत हरवलेली ताकद बहुतेक वेळा तिथेच सापडते.

प्रश्न : असा कॅम बसवून झालाय. स्लोला गाडी थरथरते, ब्रेकचं पेडल अधूनमधून कडक लागतं. काय करू?

उत्तर : पेडल आधी, अ‍ॅव्हरेज नंतर. ब्रेकचा बूस्टर (पेडल हलकं करणारा भाग) मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर चालतो. व्हॅक्यूम गेज लावून बघा : निरोगी इंजिन स्लोला १८ ते २० इंच (पाऱ्याचे) दाखवतं. १४ च्या खाली असेल तर ब्रेकचा प्रश्न सुटेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.

मग टायमिंग बेल्टच्या (क्रँक आणि कॅम जोडणारा पट्टा) खुणा जुळवा. एक दात चुकला तर क्रँकवर १५ ते २० अंशांचा फरक पडतो आणि लक्षणं हीच दिसतात. खुणा बरोबर असतील तर अ‍ॅडजस्टेबल पुली (कॅमचं मागेपुढे करता येणारं चाक) लावून कॅम २ ते ४ अंश पुढे घेता येतो. खालची ताकद थोडी परत येते. पण त्याने इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. म्हणून आधी पिस्टनवर मऊ मातीचा गोळा ठेवून, हेड (इंजिनचा वरचा भाग) बसवून, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा. २ मिमीपेक्षा कमी भरली तर पुली मागे घ्या. शेवटी ईसीयूचं मॅपिंग (पेट्रोल कधी किती सोडायचं याची सेटिंग), तेही वाइडबँड सेन्सर (हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं मोजणारा) लावूनच. फरक मोजताना एकाच पंपावर टाकी फुल्ल करा आणि निदान तीन टाक्यांची सरासरी धरा.