उन्हाळ्यात नळाचं पाणीच कोमट येतं, मग घरी बिअर करताना २० लिटर उकळतं वर्ट (बिअर आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी) २० अंशांवर कसं आणायचं?

टेक्साससारख्या ठिकाणी नुसत्या नळाच्या पाण्यावर ते जमणारच नाही. वर्ट त्या पाण्यापेक्षा गार होऊच शकत नाही. म्हणून दोन टप्पे करा.

तांब्याची कॉइल (वेटोळं केलेली नळी) उकळीच्या शेवटच्या १५ मिनिटांत पातेल्यात सोडा, म्हणजे ती निर्जंतुक होते. आच बंद केली की वर्ट ४० अंशांवर येईपर्यंत कॉइलमधून नळाचं पाणी चालवा. पुढे बादलीत बर्फ-पाणी घ्या, त्यात छोटा सबमर्सिबल पंप टाका आणि तेच पाणी कॉइलमधून फिरवत राहा. बर्फ सुरुवातीलाच वापरलात तर उकळत्या वर्टपुढे तो बघता बघता संपतो. निर्जंतुक पळीने वर्ट सतत हलवा, नाहीतर कॉइलभोवती गार थर साचतो आणि बाकीचं तसंच गरम राहतं. कॉइलला जोडलेल्या पाइपाचे क्लॅम्प मात्र पातेल्याच्या बाहेर हवेत. तिथून ठिबकणारं पाणी उकळलेलं नसतं, त्यातून जंतू शिरतात.

गरम वर्ट काचेच्या बरणीत मुळीच ओतू नका, बरणी तडकते आणि भाजतं. साधा व्हिनाइल पाइपही मऊ होऊन चपटा पडतो, सिलिकॉनचाच घ्या. गार झाल्यावर एकाच दिशेने जोरात ढवळून २० मिनिटं थांबा. गाळ मधोमध बसतो, वर्ट कडेने काढा.