नकाशा गंडलेला नाही, सोमालियाजवळ जुलैत पाणी खरंच गार असतं

प्रश्न असा आहे की मे महिन्यात सोलापूर 43 अंशाला भाजून निघतं तेव्हा अरबी समुद्र 30 च्या आसपास दिसतो, ते पटतं, पण जुलै-ऑगस्टच्या समुद्राच्या तापमानाच्या नकाशात सोमालियाच्या किनाऱ्याला 20 च्या खाली गेलेला निळा पट्टा कसा काय? विषुववृत्ताच्या एवढ्या जवळ? नकाशा गंडलाय का?

नाही ओ, बरोबर आहे नकाशा. ऊन वाढलं की तापणार हे आपल्याकडच्या काळ्या रानाला चालतं, पण अशा किनाऱ्यांवर पाणी कधी गार कधी गरम हे वाऱ्यावर ठरतं. उन्हाळ्यात विहिरीत पोहलेल्याला हे लगेच कळेल, वर पाणी कोमट आणि पुरुषभर खाली पाय गेले की गारेगार. समुद्रातही थर तसेच, फक्त तिथं वरचा कोमट थर वारा बाजूला सारतो.

जूनपासून सोमालियाच्या किनाऱ्याला समांतर नैऋत्येचा जबरदस्त वारा सुटतो, फिंडलेटर जेट म्हणतात तो हाच, आपला मान्सून घेऊन येणारा. आता वारा ईशान्येकडं चाललाय म्हटल्यावर पाणीपण तिकडंच जाईल असं वाटतं, पण पृथ्वी फिरत असल्यामुळं उत्तर गोलार्धात वरच्या थरातलं पाणी एकूणात वाऱ्याच्या उजवीकडं सरकतं. एकमन नावाच्या स्वीडिश माणसानं 1905 मध्ये हे गणितानं मांडलं. उजवीकडं म्हणजे इथं भर समुद्राकडं, मग किनाऱ्याजवळ जी जागा होते ती भरायला शे-दोनशे मीटर खालचं गार पाणी वर येतं. ओमानलापण तेच. म्हणून अरबी समुद्राला वर्षात दोन उन्हाळे असतात, एक एप्रिल-मे आणि दुसरा, जरा सौम्य, मान्सून गेल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास.

पश्चिम आफ्रिकेत सेनेगल-मॉरिटानियाकडं उलटं, तिथं वारे हिवाळ्यात जोर धरतात म्हणून फेब्रुवारी-मार्चला पाणी सगळ्यात गार. पनामाच्या आखातात जानेवारी ते एप्रिल. आणि पनामात 2025 ला गंमत झाली (गंमत कसली, मासेमारीवाल्यांच्या पोटावर पाय), उत्तरेचे वारे नेहमीसारखे सुटलेच नाहीत आणि थंड पाणी जवळपास वर आलंच नाही, चाळीसेक वर्षांच्या नोंदीत पहिल्यांदाच.

आपल्या बाजूला केरळ ते गोवा हाच प्रकार होतो पण सौम्य, मे-जूनला दक्षिणेत सुरू होऊन हळूहळू वर सरकतो. इथला वारा तसा कमजोर, तरी पाणी वर येतं कारण श्रीलंकेला वळसा घालून येणाऱ्या समुद्राच्या आतल्या लाटांचाही त्यात हात असतो. याच पाण्यातल्या पोषक द्रव्यांवर तिथली तारली वाढते. पण खालून येणाऱ्या या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून पोषक आहे म्हणजे सगळं चांगलंच असं नाही. आणि कर्नाटकच्या किनाऱ्याला पाऊस आणि नद्यांचं गोडं पाणी वर पातळ थर धरून बसतं, गार पाणी त्याच्याखाली दबतं, म्हणजे नकाशात निळं नाही म्हणून तिथं काही घडतच नाही असं समजू नका.

दुसरं विचारलं होतं की या थंड पाण्यामुळं आपला पाऊस कमी होतो का. मे-जूनला सोमालिया-ओमानचं पाणी नेहमीपेक्षा जास्त गार राहिलं तर बाष्प कमी उठतं आणि पश्चिम किनाऱ्याच्या पावसावर परिणाम होतो असं अभ्यासात दिसलंय. पण ते कोकण-घाटाचं. सोलापूर पर्जन्यछायेत, आपला भरवसा सप्टेंबरवर, तेव्हा बंगालच्या उपसागरातनं येणारे कमी दाबाचे पट्टे जास्त कामाचे. एवढ्या लांबचा निळा पट्टा बघून तुरीचं गणित मांडू नका.

नकाशा बघताना एक करा, तो उपग्रहाच्या इन्फ्रारेड मोजणीचा आहे की मायक्रोवेव्हचा ते आधी तपासा. इन्फ्रारेडला ढगातनं दिसत नाही आणि जुलैत ढगच ढग, त्यामुळं मध्येमध्ये मोकळे ठिगळ दिसतील किंवा अंदाजानं भरलेले असतील. मायक्रोवेव्हला ढग आडवे येत नाहीत पण किनाऱ्याला चिकटून नीट दिसत नाही, आणि नेमका तिथंच तर सगळा खेळ असतो. दोन्ही शेजारी ठेवून बघा. हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती संस्थेच्या साइटवरही समुद्राच्या तापमानाचे नकाशे मिळतात, मासेमारांना मासे कुठं मिळतील ते याच तापमानावरनं आणि पाण्याच्या हिरवेपणावरनं तेच कळवतात.