घाटात गाडी ओढत नाही? आधी धूर बघ

भावा, चोर्ला घाटात डिझेल गाडीचा पिकप (ओढायची ताकद) कमी झाला म्हणून लगेच इंजेक्टर (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) खोलू नकोस. तो खर्च सगळ्यात शेवटी. आधी धूर बघ. चढावर काळा धूर म्हणजे डिझेल येतंय, हवा कमी पडतेय. खानापूरकडच्या कच्च्या रस्त्यांवर फिरणारी गाडी असेल तर एअर फिल्टर आधी तपास. तो साफ असेल, तर इंजिन थंड झाल्यावर टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) ते इंटरकूलर (ती हवा थंड करणारी जाळी) यांच्यामधला होज, म्हणजे रबरी पाइप, खालून दाबून, वाकवून बघ. क्लॅम्पजवळ बाहेरून तेल पाझरलेलं दिसलं तर हवा बहुधा तिथूनच सुटतेय. होजची बारीक चीर आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू असताना) कळत नाही, लोडवर दाब वाढला की उघडते.

धूर नाही, तरी ताकद नाही? मग डिझेल फिल्टर. तळाचा स्क्रू सैल करून पाणी काढ, फिल्टर बदल, मग फिल्टरमध्ये डिझेल भरायचा हातपंप कडक लागेपर्यंत मार.