टॉवर नसलेल्या विमानतळावर जाताना

पहिल्या सोलोबद्दल, म्हणजे एकट्याने केलेल्या उड्डाणाबद्दल, मनापासून अभिनंदन! टॉवर नाही म्हणजे विमानांना सूचना देणारे नियंत्रक नाहीत, वैमानिकच एकमेकांना सांगतात. अमेरिकेत शिकतोयस, तर सुरुवातीला एवढं पक्कं कर:

- दहा मैलांवरूनच रेडिओवर सांग: विमानतळाचं नाव, तू कुठे, किती उंचीवर, काय करणार. शेवटी नाव पुन्हा घे. शेजारच्या विमानतळाची फ्रिक्वेन्सीही तीच असू शकते.
- सर्किटमध्ये (उतरण्याआधी धावपट्टीभोवती घ्यायच्या ठरलेल्या फेऱ्यात) शिरण्याआधीच तिथल्या उंचीवर ये, बहुधा जमिनीपासून 1000 फूट. उतरत उतरत घुसू नकोस, पोटाखालचं विमान दिसत नाही.
- वळण्याआधी त्या बाजूचा पंख जरा उचलून बघ. सेसना या छोट्या विमानाचा वर बसवलेला पंख वळताना नेमकी तीच बाजू झाकतो.

नवीन मुलं रेडिओवर बोलली की निर्धास्त होतात. कॅलिफोर्नियात वॉटसनव्हिलला 2022 मध्ये दोन सेसना धडकल्या, तिघे गेले. दोघेही वैमानिक रेडिओवर बोलत होते! म्हणून फायनलला (धावपट्टीकडे सरळ जाणाऱ्या शेवटच्या टप्प्याला) वळण्याआधी लांबपर्यंत नजर टाक. सरळ येणारं विमान भलतंच वेगात असू शकतं. शंका आली तर वळू नकोस.